कोंडा देऊन घेतलेली

काकी, रिपोर्ट आला. तुझं तेरावं झालं आणि पुढच्याच आठवड्यात वकिलांचा फोन आला. भर उन्हात स्टेशनजवळच्या त्यांच्या ऑफिसात जाऊन मी तो घेऊन आले. इंग्रजी पानं आहेत, आकड्यांचे नुसते रकाने आहेत आणि शेवटी एक वाक्य आहे: तू माझी जैविक माता असल्याचं सिद्ध होत आहे. जैविक! साठीला आल्यावर मला लेखी कळलं की मला आई होती. मी तुझीच निघाले, काकी. पोटची. आता बोल काय बोलायचंय ते.

जिवंतपणी हा कागद तुझ्यासमोर धरला असता तरी तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. पदराला हात पुसून म्हणाली असतीस, "ठेव तो तिकडं. मना कुठं वाचता येते?" झालं, विषय संपला. तुझ्याशी भांडण कधी पुरं व्हायचंच नाही. ऐन रंगात आलं की तू मुळ्याच्या जुड्या बांधायला बसायचीस. केळीच्या सोपटाची गाठ मारताना तुझं तोंड असं घट्ट मिटायचं की समोरच्याने आपलं बोलणं आपणच गिळावं. तुझ्या माझ्यातली निम्मी भांडणं तशीच गिळलेली आहेत. आज ती वर येताहेत.

माझ्याआधी तुझी तीन मुलं गेली. एक जन्मताच, दोन बारशाच्याही आधी. त्यामुळे चौथ्या खेपेला मी झाले तेव्हा गिरीजच्या आपल्या घरात कोणी साखर वाटली नाही. सुईणीने मला पुसलं, सुपात घातलं आणि ते सूप मागच्या दारी उकिरड्याच्या कडेला नेऊन ठेवलं. टाकून दिलेलं पोर. मग आपल्या वाडीत कामाला येणारी जानकी, कामणकडच्या पाड्यावरची, ठरल्याप्रमाणे तिथून गेली. तिने मला उचललं, "ही माझी" म्हणाली, आणि तू बाळंतिणीच्या बाजेवरून उठून तिच्याकडून मला विकत घेतलंस. सूपभर कोंडा देऊन. भाताचा कोंडा, म्हशीला घालायचा. उकिरड्यावर सापडलेल्या आणि कोंड्याला मिळालेल्या पोरीवर कोणाची नजर जाणार? सटवाई न्यायला आली तरी पोटचं नेईल, विकतचं कशाला नेईल, असा तुझा सरळ हिशेब होता. म्हणून माझं नाव कोंडाबाई, घरात कोंडू. शाळेत गुरुजींनी सुरेखा केलं म्हणून निभावलं. आणि म्हणूनच तुला आई म्हणायचं नाही, काकी म्हणायचं, वडिलांना काका.

असं तेव्हा बरीच घरं करायची. पोर तरलं, चालायला-बोलायला लागलं की विसरूनही जायची. तू विसरली नाहीस. बाजारात, लग्नात, देवळाच्या पायरीवर कोणी म्हणालं, "कोंडू तुझ्यावरच गेली गो," की तू पटकन म्हणायचीस, "माझी कुठली? कोंडा देऊन घेतलीय." बायका हसायच्या. इतक्या वर्षांत त्या बोलण्याचा एक विनोदच होऊन बसला होता. सगळ्या हसायच्या, तू हसायची नाहीस.

दिवाळीला जानकी यायची. माझी मालकीणच ना ती. तिला तुझ्याकडून लुगडं असायचं. ती रानातले करांदे आणायची आणि पडवीत बसून विचारायची, "माझी पोरगी बरी हाय ना?" मी तिच्या मांडीवर जाऊन बसायचे. एकदा तुझ्यावर रुसून मी सांगितलं, मी जानकीबरोबर जाते, तीच माझी आई. तू म्हणालीस, "जा." मी तिच्या मागोमाग कुंपणापर्यंत गेले. तू वर बघितलंसुद्धा नाहीस. संध्याकाळी मात्र माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा नेहमीपेक्षा मोठा होता. तुझं प्रेम हे असं, भाकरीवर वाढलेलं. खाऊन टाकायचं आणि बोलायचं नाही.

माझ्या लग्नात कन्यादानाला तू बसली नाहीस. काकांच्या भावाला आणि भावजयीला, म्हणजे माझा चुलत भाऊ दिलीप याच्या आईवडिलांना, बसवलंस आणि स्वतः मांडवाच्या खांबाशी उभी राहिलीस. सासरकडच्या एका बाईने विचारलं, "या कोण?" कोणीतरी सांगितलं, काकी. मी हळद लागलेल्या हातांनी मान खाली घालून बसले होते आणि मला रडू येत होतं. सगळ्यांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. अर्धी गुणसूत्रं आईची, अर्धी बापाची, असं दहावीच्या कितीतरी वर्गांना फळ्यावर काढून दाखवलं. तुझे हे सटवाईचे हिशेब मला पटणं शक्यच नव्हतं. पण पटण्याचा प्रश्नच नव्हता ना. मला फक्त ऐकायचं होतं. एकदा, कोणी नसताना, स्वयंपाकघरात, दळता-निवडताना, "कोंडू, तू माझी आहेस." एवढंच. ते काही तू मला दिलं नाहीस.

मग काका गेले आणि काही वर्षांनी दिलीपने केस टाकली. काकांच्या सख्ख्या भावाचा हा मुलगा आपल्याच पडवीत वाढला. आता सातिवलीला त्याचं वर्कशॉप आहे, त्याची वाडी त्याने कधीच बिल्डरला दिली आणि बिल्डरला आपलीही हवी होती. सातबाऱ्यावर काकांच्या मागे तुझं आणि माझं नाव लागलं होतं. दिलीपचं म्हणणं, माझं नाव खोटं आहे, मी या घराण्याची नाही, जानकीची आहे. तुझ्यामागे वाडी त्याच्याकडे यायला हवी. आणि पुरावा काय? तर तू. तू चारचौघांत जन्मभर सांगितलेलं. मी तुम्हाला काका-काकी म्हणते, अगदी त्याच्यासारखंच. कन्यादानाला त्याचे आईवडील बसले होते. माझा जन्म घरातला, त्याची कुठे नोंद नाही. सुईण गेली, जानकी गेली, तुझं पोट पाहिलेल्या बाया एकेक करून गेल्या. आळीत उरले ते तेव्हा पोरसवदा असलेले लोक. वकिलाने विचारल्यावर त्यांनी काही खोटं सांगितलं नाही. कानावर जे पडत आलं तेच सांगितलं: हो, कोंडा देऊन घेतलेली. मरणाला फसवायला रचलेली तुझी थाप कोर्टाला मात्र बरोबर पटत होती.

आमचे वकील म्हणाले, "आई हयात आहेत ना? मग टेन्शन कसलं घेताय? डीएनए करून टाकू. तुम्ही त्यांच्या पोटच्या ठरलात की बाकीचं मी बघतो." खरं सांगते काकी, मला आनंद झाला. वाडी राहील म्हणून झालाच. पण तुझ्या तोंडून जे निघत नव्हतं ते आता यंत्र काढून घेईल, याचा जास्त झाला.

तू म्हणालीस, "मी नाय देणार."

"का?"

"नाय म्हटला ना."

"वाडी जाईल, काकी."

"जाऊ दे."

माझी मुलगी मानसी बाळंतपणासाठी माझ्या फ्लॅटवर आली होती, त्या दिवशी तीही बरोबर होती. तिला तर गंमतच वाटली. "काकीआजी, रक्तपण नाही काढत गं. गालाच्या आतून नुसता कापूस फिरवतात. दोन मिनिटांचं काम."

"थुकीवरून आई कळते?" तू विचारलंस.

"कळते ना!"

"मग तर नायच."

मी त्या दिवशी आवाज चढवला. म्हटलं, कोर्टात म्हणू नकोस, वकिलाला सांगू नकोस, मला सांग. इथे. मी तुझी आहे की नाही? तू पहिल्यांदा मानसीच्या पोटाकडे बघितलंस. ती आल्यापासून त्या पोटाकडे तू नजर म्हणून टाकली नव्हतीस. म्हणालीस, "घरात पोटुशी पोर हाय, आणि तू मना काय बोलायला सांगते, कोंडू? अक्कल हाय का?" आणि मुळे पुढ्यात ओढलेस.

ते भांडण तिथेच राहिलं असतं. पण दिलीप बिल्डरच्या मोजणीवाल्याला घेऊन आला. ते लोक टेप धरून वाडीभर हिंडले, आणि विहिरीपलीकडे, बांधाच्या अंगाला, लाल फडकं बांधलेली खुंटी ठोकून गेले. तिथल्या जमिनीच्या पट्टीत तू आम्हाला कधी काही लावू दिलं नव्हतंस. काकांनी एकदा तिथे केळीचे मुनवे लावायला काढले तर तू ते उचलून विहिरीजवळ आणून टाकलेस. मी समजत होते, सापाचं वारूळबिरूळ असेल, नाहीतर तुझ्या कुठल्या देवाची जागा. तू पडवीतून ती खुंटी बघत राहिलीस. जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन केलास, "देते मी थुकी. आधी कोंडा आण."

वसईत कोंडा शोधणं म्हणजे काय ते तुला कळायचं नाही. किराणावाला म्हणाला, "मॅडम, वो तो अभी कोई नहीं रखता." मॉलमध्ये कसल्यातरी कोंड्याचं चकचकीत पाकीट होतं, वजन उतरवणाऱ्यांसाठी. शेवटी कामणच्या बाजूला एक भातगिरणी सापडली. गिरणीवाल्याने विचारलं, म्हैस आहे का? मी म्हटलं, नाही, मी आहे.

रिक्षा ठरवून आपण पाड्यावर गेलो. तू मागच्या सीटवर सूप मांडीवर घेऊन बसली होतीस, तेच जुनं, शेणाने सारवलेलं. जानकीची सून शेवंती अंगणात भांडी घासत होती. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तू तिला सगळं सांगितलंस, पुन्हा पुन्हा, तिला कळेपर्यंत. मी सुपात मावणार नव्हते, म्हणून ते माझ्यासमोर ठेवलं आणि मला अंगणात खाली बसवलंस. गुडघे दुखतात माझे, तुला ठाऊक होतं. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली बाई पाड्याच्या अंगणात फतकल मारून बसली होती आणि शेजारच्या कोंबड्या कोंड्यावर टपल्या होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ही कोणाची?" तू विचारलंस.

शेवंतीला हसू आवरेना. "माझी," ती म्हणाली.

"मना देते?"

"घेऊन जा, आजी."

तू कोंडा तिच्या टोपलीत ओतलास, माझा हात धरलास आणि मला उठवलंस. तुला हात धरायची सवय नव्हती, काकी. मला आठवत नाही तू त्याआधी कधी माझा हात धरला होतास. रिक्षा सुटली तरी तू सोडला नाहीस. महामार्ग आला, ट्रकांची रांग लागली, आपण अडकून पडलो, तरी नाही. तुझ्या तळहाताला सोपटाने पडलेले घट्टे मला लागत होते. मी हललेही नाही.

तेव्हा तू माझ्याकडे न बघता बोललीस. "विहिरीच्या पल्याड तिघं हायत ना गो. त्यांच्यावर बिल्डिंग नको."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ती लावायची नाही ती पट्टी, परत टाकलेले मुनवे. माझी तीन भावंडं. आणि मी तिथे लहानपणी लंगडी खेळायचे. तू पडवीतून बघायचीस, रागावायची नाहीस. मातीत गेलेल्या तिघांना वाचवायचं तर जिवंत आहे ती चौथी माझी आहे असं कबूल करावं लागणार होतं. म्हणून आधी मला परत विकत घेतलंस. ही सगळी वर्षं तू एकटीने काय सांभाळत होतीस, ते मला ट्रकांच्या धुरात अर्धं-मुर्धं कळलं. मी विचारणार होते त्यांच्याबद्दल. मुलगे होते का मुली? कशी दिसायची? घरी पोचल्यावर विचारू म्हटलं. ते राहूनच गेलं.

लॅबचा माणूस घरी आला तेव्हा दिलीपही येऊन बसला, तसा नियम आहे म्हणून. फोटो काढले, अंगठे घेतले. त्या तरुणाने नेहमीचं म्हणून विचारलं, "आजी, या तुमच्या कोण?" सगळे तुझ्याकडे बघत होते. मी तर जरा जास्तच.

"तुम्हीच सांगा आता," तू म्हणालीस. "त्यासाठीच आलाव ना?"

आणि तोंड उघडलंस, आ करून, कापसासाठी.

त्यानंतर महिना झाला नाही. साधा खोकला, मग ताप, मग छातीत पाणी. हॉस्पिटलमध्ये तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. सिस्टरने मला विचारलं, "पेशंटच्या कोण तुम्ही?" मी म्हटलं, मुलगी. तू डोळे उघडलेस. आणि मान हलवलीस. नाही. मी म्हटलं, काकी, पडून राहा. तू हात वर केलास, सुई लावलेला, आणि बोटानेही सांगितलंस. नाही, नाही. सिस्टर माझ्याकडे बघायला लागली. मग समजुतीने म्हणाली, "आजी गोंधळल्यात." नव्हतीस गोंधळलेली. तुझ्या डोळ्यांत मी बघत होते, तिथे चांगली लख्ख शुद्ध होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलीस. म्हणजे शेवटचं काय केलंस, तर मला नाकारलंस.

मला माहीत आहे तू ते का केलंस. माहीत असून काय उपयोग? मला राग आला होता आणि तो अजून आहे. स्मशानात अग्नी दिलीपने दिला. केस चालू होती आणि तरी पुतण्या म्हणून मडकं त्याच्याच खांद्यावर होतं. मी बायकांत उभी होते. कोणीतरी हळूच विचारलं, या कोण? मी ते ऐकलं.

रिपोर्ट आल्यावर दिलीप घरी आला. मला वाटलं वाद घालेल. तो पडवीत तुझ्या जागेवर बसला आणि रडायला लागला. "ताई, मला खरंच वाटत होतं गं. पैशासाठी केलं, नाही असं नाही. पण खोटं समजून नाही केलं. काकी कधी कोणाशी खोटं बोलली नाही, एवढंच मला माहीत." तू आयुष्यात एकच खोटं बोललीस आणि ते इतकं मनापासून की घरातल्या पोरालाही खरं वाटलं. जाताना तो विहिरीपलीकडे गेला आणि ती खुंटी स्वतः उपटली. हात झटकत म्हणाला, "काकी हे असं मोकळं का ठेवायची गं?" मी सांगितलं नाही. ते तू मला एकटीला सांगितलं होतंस.

वाडी राहिली, काकी. तिघंही जागच्या जागी आहेत. मी दर रविवारी गिरीजला येते, पंप लावते, पाटाने पाणी सोडते. त्या पट्टीवर गवत वाढलंय, ते तसंच ठेवलंय. पण एक गोष्ट मनातून जात नाही. कापूस फिरवून महिना झाला नाही आणि तू गेलीस. म्हातारं शरीर, बदलती हवा, न्यूमोनिया. सगळं मला कळतं, मी विज्ञान शिकवलंय. तरी वाटतं, पोटच्या पोरीची कबुली दिली म्हणून सटवाईला कोणाला तरी न्यावं लागलंच, आणि तू तिला वाट दाखवलीस ती तुझ्या स्वतःच्या खाटेकडे. असं काही बोललीस का तिच्याशी? लॅबचा माणूस यायच्या आधी मला खोलीबाहेर काढून पाट्यापुढे तिला हळद वाहिलीस, तेव्हा? एवढं तरी सांगायचंस.

मानसीला मुलगी झाली. जावळ भरपूर आहे आणि तोंड मिटायची तऱ्हा थेट तुझी आहे. घरी आणल्यावर समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी बघायला आल्या, साताऱ्याकडच्या, मनाने मोकळ्या. दुपटं बाजूला करून म्हणाल्या, "अगंबाई, सुरेखाताई, अगदी तुमच्यावर गेलीय हो! तुमचीच ही."

कपाटात तो रिपोर्ट होता. त्यात काय लिहिलंय ते मला पाठ आहे. मी हो म्हणणार होते, काकी, हो म्हणायला तोंड उघडलंही होतं.

"आमची कुठली?" मी म्हटलं. "कोंडा देऊन घेतलीय."

वहिनी हसल्या. मानसीही हसली. मला हसता आलं नाही.